तळ गंजलेली पिकअप

पिकअपच्या कॅबिनचा तळ म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पत्रा. सीट, ड्रायव्हर, मॅट आणि मॅटखाली साचलेली धूळ असा सगळा भार त्याच्यावर असतो. पातळ सपाट पत्रा पायाखाली लवतो आणि गाडी धावताना थडथडतो, म्हणून कारखान्यात तो साच्यात दाबताना त्यात लांबट उठाव काढलेले असतात. तळाचे निरनिराळे भाग कडांशी एकमेकांवर चढवून स्पॉट वेल्डिंगने टाचतात. सगळी कॅबिन रबरी बुशांवर बसवून चासीला बोल्टने आवळतात. मागचा हौदा स्वतंत्र असतो आणि तोही चासीवरच बसतो. या रचनेत पत्र्यापेक्षा जास्त त्रास देणारी जागा म्हणजे दोन पत्र्यांमधला जोड.

स्पॉट वेल्डिंगचा एक ठिपका दुसऱ्यापासून काही सेंटिमीटर दूर असतो. मधल्या भागात दोन्ही पत्रे चिकटल्यासारखे दिसतात, पण त्यांच्यात केसाएवढी फट असते. एवढ्या अरुंद फटीत पाणी आपोआप ओढले जाते आणि उन्हाळा आला तरी सहज बाहेर पडत नाही. फटीच्या आत प्राणवायू कमी पोचतो आणि तोंडाशी भरपूर असतो. या फरकामुळे आतले लोखंड झपाट्याने झिजते. मूळ लोखंडापेक्षा गंजाला कितीतरी जास्त जागा लागत असल्याने तो दोन पत्र्यांना एकमेकांपासून रेटतो, फट रुंदावते आणि आणखी पाणी आत शिरते. पाण्यात मीठ असेल तर त्यातले क्लोराइड ही प्रक्रिया आणखी वेगाने पुढे नेते. मालकाला मॅटखाली रुपयाएवढे भोक दिसते तोवर शेजारचा जोड वीतभर पोखरलेला असतो.

मुंबईच्या उपनगरांत या आजाराला काहीच कमी पडत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला ठाण्याची खाडी असल्याने पाऊस नसतानाही हवेतला दमटपणा हटत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या गढूळ, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशी गाडी वरून धुऊन चकाचक केली तरी पोकळ भागांत गेलेला गाळ तिथेच राहतो. मासळी वाहणाऱ्या पिकअपला तर पुराचीही गरज नाही. वर्सोव्यासारख्या बंदरातून क्रेटमध्ये बर्फ आणि मासळी भरून गाडी निघाली की वितळलेले खारट पाणी हौद्याच्या फटींतून रोज खाली गळत राहते.

गाड्यांचा पत्रा या उपनगरांना नवा नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता, आणि महिंद्रांच्या जीपगाड्यांशी कांदिवलीचे नाव जोडलेले आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीला वेगळी चासीच नव्हती. तळ, खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होई. तिचा तळ गंजला की गाडीचा कणाच गेला. पिकअपखाली चासी असते, त्यामुळे ती एवढी लगेच धोक्यात येत नाही. पण याच भरवशावर तिच्या तळाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकाने आहेत. तिथे दरवाजा किंवा बोनेट मिळणे सोपे. चांगला तळ मिळणे अवघड, कारण मोडीत निघालेल्या गाडीचा तळ बहुधा त्याच रोगाने गेलेला असतो.

काम पाण्याचा रस्ता शोधण्यापासून सुरू करावे लागते. पुढच्या काचेचे रबर कडक होऊन चिरते, काचेखालच्या पन्हळीत पिंपळाची पाने अडकतात, दरवाजाच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके चिखलाने बुजतात. हे तसेच ठेवून नवा पत्रा बसवला तर दोन पावसाळ्यांत तोही जाईल. मग सीट, मॅट आणि मॅटखालची डांबरी चादर काढतात. पत्रेवाला मिस्त्री हातोडीच्या मागच्या टोकाने तळ ठोकत जातो. निरोगी पत्रा खणखणतो. गंजलेल्या जागी भद्द आवाज येतो आणि रंगाच्या खपल्या उडतात. संशय आला की पेचकस टोचायचा. आरपार गेला तर खूण दोन इंच पुढे सरकते, आणि हे चांगला पत्रा लागेपर्यंत चालते. मालकाने दाखवलेल्या भोकाभोवती खडूची रेघ अशी वाढत गेली की त्याचा चेहरा उतरतो, पण या टप्प्यावर हात आखडला तर पुढचे सगळे काम वाया जाते.

कापण्याआधी बॅटरीच्या तारा सोडायच्या, तळाला लागून गेलेली वायरिंग बाजूला बांधायची, खालून डिझेलची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते पाहायचे आणि टाकी जवळ असेल तर ती उतरवायची. सगळा तळ एकदम कापणे ही मोठी चूक. आधार गेला की कॅबिन किंचित पसरते आणि नंतर दरवाजा बसत नाही. म्हणून आतून आडवा पाइप तात्पुरता टाचतात, एका बाजूचे काम संपवून दुसऱ्या बाजूला हात घालतात आणि मधूनमधून दरवाजा लावून बघतात.

काढलेल्या भागाचा नकाशा पुठ्ठ्यावर उतरतो. त्यावरून १८ किंवा २० गेजचा, म्हणजे सुमारे १.२ किंवा ०.९ मिलिमीटरचा पत्रा कापतात. जाड पत्रा घातला की काम पक्के, असा अनेक मालकांचा समज असतो. प्रत्यक्षात दोन वेगळ्या जाडीचे पत्रे जोडताना पातळ पत्रा जळून भोक पडते, आणि जाडाला पुरेशी उष्णता मिळत नाही. मूळ जाडीशी मिळताजुळता पत्राच बरा. उठाव मात्र काढावेच लागतात. लाकडी ठोकळ्यात खाच पाडून, तिच्यावर पत्रा ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने ते बसवताना हाताची खरी परीक्षा होते. घाईचा कारागीर सपाट तुकडा मारून मोकळा होतो. तो ओळखायला मॅट उचलून पाय दाबला तरी पुरे.

वेल्डिंगला आता गॅसऐवजी सीओटू पसंत करतात. गॅसची ज्योत मोठा भाग तापवते आणि पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो. सीओटूमध्ये बारीक तार कमी जागेत उष्णता देते. तरीही एका टोकापासून सलग रेघ ओढायची नाही. आधी चार कोपऱ्यांत टाके, मग समोरासमोर एकेक टाका आणि मध्ये पत्रा निवू देणे, असे करत करत टाके एकमेकांना मिळवायचे. पत्रा पत्र्यावर चढवायचा असेल, तर वरच्या पत्र्याला भोके पाडून ती वेल्डने भरतात. कारखान्यातल्या स्पॉटची जागा हे ठिपके घेतात. जोडाच्या आतल्या बाजूला वेल्डिंग सोसणारे जस्तयुक्त अस्तर आधीच लावणे महत्त्वाचे, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. गॅल्वनाइज्ड पत्रा वापरला तर वेल्डच्या जागेवरचे जस्त घासून काढावे लागते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर ताप भरतो. वेल्डिंग चालू असताना दुसरा माणूस ओला गोणपाट घेऊन गाडीखाली नजर ठेवतो. डांबरी चादरीचा राहिलेला तुकडा पेट घ्यायला एक ठिणगी पुरते.

वेल्डच्या उंचवट्यावर ग्राइंडर फिरवला म्हणजे काम संपले नाही. नवा तुकडा बसला की त्याच्या चारही बाजूंना नवा जोड तयार होतो. म्हणजे गंजावरचा उपाय गंजाला आवडणारीच जागा वाढवतो. म्हणून प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंनी सीलर भरायचा, एपॉक्सी अस्तर द्यायचे, रंग वाळल्यावर खालून अंडरकोटिंग करायचे, पोकळ भागांत मेण किंवा गंजरोधक तेल फवारायचे आणि निचऱ्याची भोके मोकळी ठेवायची. यात वेळ जातो आणि गाडी भाड्याने चालत असेल तर दिवसाचा धंदा बुडतो. त्यामुळे बहुतेक तडजोडी याच टप्प्यावर होतात.

तडजोडींचे प्रकार ठरलेले आहेत. गंजावरच डांबर फासले की वरून काळाभोर तळ दिसतो आणि आत ओल कोंडते. एमसील किंवा लांबी भरलेले भोक पहिल्या खड्ड्यात मोकळे होते. ॲल्युमिनियमचा तुकडा रिव्हेटने ठोकला तर त्याच्याभोवतीच्या पोलादाआधी तो तुकडाच झिजतो. दोन धातूंच्या स्पर्शाच्या जागी खारट पाणी मिळाले की या झिजेला निमंत्रणच. हौद्यात सर्वांत जास्त चालणारा उपाय म्हणजे जुन्या पत्र्यावर चेकर प्लेट टाकणे. ती दणकट असते, पण दोन थरांमध्ये पाणी अडकते आणि खालच्या आडव्या पट्ट्या कोणाला न दिसता झिजतात. मासळीच्या गाडीवर हा उपाय शुद्ध नुकसानीचा आहे. तिथे जुना पत्रा पूर्ण काढून पट्ट्या तपासाव्यात आणि रोज फेरी संपल्यावर हौदा गोड्या पाण्याने धुवावा.

काही जागी ठिगळ चालतच नाही. सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट ज्या भागात आवळले जातात, तिथे मूळचा जाड आधार परत बसवावा लागतो. नुसता पत्रा अपघाताच्या झटक्यात फाटतो. कॅबिनच्या बुशाखालचे ब्रॅकेट गंजले असेल, तर ते बदलूनच पुढे जावे. चासीवर ग्राइंडर चालवताना कोरलेला चासी नंबर घासला गेला, तर फिटनेसच्या वेळी आरटीओत उत्तरे देता देता नाकी नऊ येतात. अंधेरीची एमएच-०२ असो, बोरिवलीची एमएच-४७ असो किंवा पूर्व उपनगरांची एमएच-०३ असो, आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते.

चासीच्या पेटीसारख्या पट्ट्या आतून गंजून ठोकल्यावर खपल्या झडत असतील, तर तळाचे काम हाती घेऊच नये. तिथे वेल्डिंग केलेला तुकडा शेजारच्या कमजोर धातूवरच लटकतो आणि भरलेल्या गाडीचा भार सोसत नाही. अशी पिकअप मोडीत काढणेच योग्य. मात्र ती रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला न देता २०२१ च्या नियमांखाली नोंदणी झालेल्या केंद्रात द्यावी, ठेव प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्यावी. नाहीतर पत्रा वितळून गेल्यावरही गाडी कागदोपत्री मालकाच्याच नावावर राहते.