रानपिंगळ्याचा पुनर्शोध : नमुना, नोंद आणि संवर्धन

प्रस्तावना :
प्राणिशास्त्रात एखादी प्रजाती ‘नवी’ ठरते ती केवळ प्रथम दिसल्यामुळे नव्हे, तर तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाल्यामुळे. त्यासाठी नमुना जतन करणे, जवळच्या प्रजातींशी त्याची तुलना करणे आणि नियमानुसार द्विपदी नाव देणे आवश्यक असते. याउलट वर्णन झालेली प्रजाती दीर्घकाळ आढळली नाही आणि नंतर तिच्या अस्तित्वाचा खात्रीलायक पुरावा मिळाला, तर त्यास पुनर्शोध म्हणतात. या दोन्ही प्रक्रियांचे उत्तम उदाहरण म्हणजे रानपिंगळा होय.

वर्णन व ओळख :
एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२ मध्ये मिळविलेल्या नमुन्यावरून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले आणि त्यास ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी’ असे नाव दिले. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. त्याची चोच मोठी, शेपटीवरील पांढरे पट्टे रुंद आणि पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. हा पक्षी बराचसा दिनचर असून सरडे, उंदीर व कीटक यांवर जगतो. १८७२ ते १८८४ या काळात मध्य भारताचा पूर्व भाग, पश्चिम ओडिशा व खानदेश येथून त्याचे केवळ सात नमुने गोळा झाले. शेवटचा अस्सल नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात १८८४ मध्ये मिळविला.

खोट्या नोंदीचा परिणाम :
यानंतर रिचर्ड माइनर्त्झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवी येथे हा पक्षी मिळविल्याची नोंद केली होती. ती अनेक वर्षे ग्राह्य मानली गेली. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन यांचाच जुना नमुना असून त्यावर नव्याने काम करून खोटी चिठ्ठी लावल्याचे सिद्ध झाले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका खोट्या चिठ्ठीमुळे प्रजातीचा शेवटचा ज्ञात काळ तीस वर्षांनी पुढे सरकला आणि शोधाची दिशाही चुकू शकत होती. एस. डिलन रिप्ली यांनी १९७० च्या दशकात घेतलेला शोध निष्फळ ठरला होता.

पुनर्शोध :
रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांनी खोटी नोंद बाजूला ठेवून अस्सल नमुन्यांची स्थळे तपासली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनंतर मिळालेला हा पहिलाच निर्विवाद पुरावा होता. पुढे सातपुड्यातील तोरणमाळ व यावल परिसरात, तसेच मेळघाटात त्याचे अस्तित्व नोंदले गेले. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही तो आढळला. गुजरातमधील पूर्णा अभयारण्यातही पुढे त्याची नोंद झाली. म्हणजे तो गुजरातमध्ये आहे हे खरे ठरले. मात्र त्यामुळे १९१४ ची नोंद खरी ठरत नाही. विज्ञानात निष्कर्षाइतकेच त्यामागील पुराव्याला महत्त्व असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा पक्षी ‘अथेने’ या प्रजातिसमूहात मोडतो.

संवर्धनाचा प्रश्न :
रानपिंगळा झाडांच्या ढोलीत घरटे करतो. त्यामुळे जुनी झाडे तुटणे, वणवे, जंगलजमिनीचे शेतीत रूपांतर आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धा हे त्याच्यापुढील प्रमुख धोके होत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१८ मध्ये त्यास ‘अतिसंकटग्रस्त’ ऐवजी ‘संकटग्रस्त’ गटात ठेवले. हा बदल नव्या ठिकाणांच्या नोंदींमुळे शक्य झाला. त्यावरून धोका टळला असे मात्र म्हणता येणार नाही.

समारोप :
‘आढळत नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ ही विधाने समानार्थी नाहीत. एखादी प्रजाती नामशेष मानली गेली, की तिच्या अधिवासाच्या रक्षणाचे एक कारणच नाहीसे होते. शहाद्याजवळचे जंगल शोध लागण्यापूर्वीच तुटले असते, तर रानपिंगळा तेथून गेल्याचेही कोणाला कळले नसते. म्हणून संग्रहालयातील नमुन्यांची प्रामाणिक तपासणी आणि जंगलातील सातत्यपूर्ण सर्वेक्षण ही दोन्ही संवर्धनाचीच अंगे मानली पाहिजेत.