दुर्लक्षित आजार – लेखांक ६ : माकडतापाचा खरा पत्ता

गेल्या आठवड्यात आपण नारूची गोष्ट पाहिली. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, पाणी फडक्याने गाळून पिण्याची सवय लागली आणि १९९६नंतर देशात नारूचा रुग्ण सापडला नाही. रोगाची वाट एकच होती. ती अडवली आणि काम झाले. आजचा आजार इतका सरळ नाही. त्याच्या वाटा रानातून, गोठ्यातून आणि काजूच्या बागेतून जातात आणि त्याचे नावच आपल्याला चुकीच्या दिशेला पाठवते.

कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. १९५७च्या मार्चमध्ये तिथे माकडे मरून पडू लागली. आसपासच्या गावांत माणसेही तापाने फणफणत होती. डोके ठणकत होते, अंग मोडून येत होते, काहींच्या नाकातून आणि हिरड्यांतून रक्त येत होते. लोकांनी आजाराला नाव दिले ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडांचा रोग. मराठीत तो माकडताप झाला. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र जंगलाचे नाव राहिले : क्यासनूर फॉरेस्ट डिसीज.

खबर पुण्याला पोहोचली तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांच्या पोटात गोळाच आला असणार. माकडे मरतात आणि मागोमाग माणसे तापाने पडतात, हे दक्षिण अमेरिकेतल्या पिवळ्या तापाचे लक्षण. तो भारतात कधीच आलेला नव्हता, पण त्याचा प्रसार करू शकणारा डास इथे घरोघर होता. १९५२मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे एनआयव्ही ती हीच. केंद्राचे संचालक डॉ. टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी क्यासनूरला गेले. विषाणू हाती लागला आणि पिवळ्या तापाची भीती टळली. त्याचे नाते भलत्याच घराण्याशी निघाले : रशियाच्या जंगलांत गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराशी. हे संशोधन स्वस्तात झाले नाही. प्रयोगशाळेत आणि रानात काम करणाऱ्या कितीतरी जणांना स्वतःलाच या तापाने गाठले.

रशियातला विषाणू सह्याद्रीत आला कसा? संशय गेला पक्ष्यांवर. हिवाळ्यात सायबेरियाकडून लाखो पक्षी भारतात उतरतात. त्यांच्या पिसांत गोचिडी लपून येत असतील का? जागतिक आरोग्य संघटनेने या शोधासाठी पैसा दिला आणि १९५९पासून डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. पक्ष्यांनी हा विषाणू आणल्याचे काही सिद्ध झाले नाही. पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला खरी गती मिळाली ती या तापाच्या निमित्ताने!

आधी माकड आणि मग परदेशी पाहुणा अशी दोषी शोधण्याची ही धडपड चालू असताना डॉ. होर्हे बोशेल हे कोलंबियन संशोधक वेगळाच प्रश्न विचारत होते. बोशेल पिवळ्या तापावर काम केलेले. लाकूडतोड्यांनी झाड पाडले की शेंड्यावरचे डास खाली माणसांभोवती घोंघावू लागतात, हे त्यांनी कोलंबियाच्या जंगलात पाहिले होते. क्यासनूरला आल्यावर त्यांनी झाडांइतकेच गुरांकडे पाहिले. १९६९मध्ये त्यांनी मांडले की विषाणू इथे पूर्वीपासून असावा, बदलली ती माणसाची वहिवाट. वस्ती वाढली, रान तुटले, शेतीचे तुकडे जंगलात घुसले आणि गुरे चरायला आत जाऊ लागली.

यात गुरांचा काय संबंध, हे कळायला गोचिडीचे आयुष्य पाहावे लागेल. माकडतापाची मुख्य वाहक असलेली रानगोचीड आयुष्यात तीनदा रक्त पिते. पावसाळा सरता सरता अंड्यांतून अळ्या निघतात आणि उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडे यांच्या अंगावर चढतात. रक्त पिऊन त्या गळतात, कात टाकतात आणि दुसऱ्या अवस्थेत येतात. ही पिल्ले तिळाहून बारीक असतात. तिसरी अवस्था प्रौढ गोचिडीची. तिला मोठे जनावर लागते आणि रानात चरणारी गाय-म्हैस ही तिची पंगत. पोट भरलेली एक मादी हजारो अंडी घालते. गुरांच्या रक्तात हा विषाणू फारसा टिकत नाही, म्हणजे गुरे रोग देत नाहीत. पण ती गोचिडी पोसतात.

विषाणू वाढतो तो माकडांत. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड या दोघांनाही हा ताप होतो आणि मोठ्या संख्येने मारतो. माकड मेले की अंगावरच्या शेकडो गोचिडी त्याच जागी पाचोळ्यात उतरतात. अळीपणी घेतलेला विषाणू कात टाकल्यावरही अंगात राहतो आणि पुढचा चावा बसतो तो पायवाटेने जाणाऱ्या माणसाला. पिल्लांचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. म्हणून तापाचा हंगामही तोच. माणसापासून माणसाला मात्र हा आजार होत नाही.

१९८२-८३मध्ये बोशेल यांच्या म्हणण्याची पारख झाली. दक्षिण कन्नडमधल्या बेळ्तंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ केले गेले आणि त्या हंगामात तिथे दीड हजारांहून अधिक रुग्ण झाले. हा आजार त्यानंतर कर्नाटकातच अडकून राहिला नाही. २०१२-१३च्या सुमारास तो बंदीपूर, निलगिरी, वायनाडमध्ये दिसला. २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात रुग्ण सापडले. एनआयव्हीच्या संशोधकांनी सत्तरीतले रुग्ण तपासले तेव्हा धागा पुन्हा काजूशी जुळला. आजारी पडलेल्यांत काजूच्या बागांत राबणारे लोक होते.

ज्यांनी कोकणातला काजूचा हंगाम पाहिला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. फेब्रुवारी ते मे, उन्हे चढायच्या आत माणसे बागेत जातात. बोंडू झाडाखाली पातेऱ्यात पडलेले असतात. ते वाकून, बसून उचलायचे, बी पिळून वेगळी करायची. बाग रानाला लागून असते, वर माकडे आणि खाली चरून गेलेली गुरे. गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम आणि बी वेचण्याचा हंगाम एकच. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला या माणसांना देण्यात अर्थ नाही. वर्षाची कमाई त्या पातेऱ्यातच पडलेली असते.

२०२०मध्ये भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने धोक्याचे नकाशे तयार केले. जंगल आणि बागा एकमेकांत मिसळलेल्या, सदाहरित रानाचा वाटा मोठा असलेल्या आणि देशी गुरांची संख्या जास्त असलेल्या भागात माणसांना लागण होण्याची शक्यता अधिक, असे त्यात दिसले. पन्नास वर्षांपूर्वी बोशेल यांनी जे पायी फिरून सांगितले, ते आता संगणकाने सांगितले. या नकाशांचा उपयोग असा, की पुढचा रुग्ण कुठे सापडेल याची वाट न पाहता आधीच पाळत ठेवता येते.

लशीची गोष्ट मात्र निराशेची आहे. कर्नाटकात वर्षानुवर्षे एक लस दिली जात होती. २००५ ते २०१० या काळातील आकडेवारी तपासली तेव्हा दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रा घेतल्यास सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसले. टोचल्यावर जागा दुखायची आणि मात्रा पुन्हापुन्हा घ्याव्या लागायच्या, त्यामुळे अनेक जण मध्येच सोडून देत. पुढे तिचा प्रभाव आणखी घटल्याचे दिसले आणि २०२२मध्ये ती बंद झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीबरोबर नव्या लशीचे काम हाती घेतले आहे. विषाणूला मारणारे खास औषधही नाही. रुग्णाला पाणी-सलाईन, गरज पडल्यास रक्त आणि सतत देखरेख, एवढाच उपचार. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. काहींना ताप उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांनी तो पुन्हा येतो आणि या खेपेला मेंदूला त्रास देतो. म्हणून पहिला ताप गेला की सुटलो असे समजू नये.

कोकणातल्या शेतकऱ्याचा माकडांवर आधीच राग आहे. नारळ, केळी, भाजी काही म्हणून ती शिल्लक ठेवत नाहीत. त्यात या तापाला नावही त्यांचेच. पण माकड या रोगात माणसाआधी मरते आणि गावासाठी तीच पहिली सूचना असते. ती हातची घालवू नये. मेलेल्या वानराला माणसासारखा निरोप देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या पट्ट्यात ती श्रद्धा थोडी आवरावी : प्रेताला हात लावू नका, जवळ जाऊ नका, ग्रामपंचायतीला, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा. ती जागा औषध फवारून साफ होईपर्यंत गुरांना आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

बागेत जाताना अंगभर कपडे घाला, पायजम्याची टोके मोज्यांत खोचा, आरोग्य केंद्रातून गोचीड-प्रतिबंधक तेल मिळत असेल तर ते हातापायांना लावा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळ करा आणि काखा, जांघा, कानामागे गोचीड नाही ना हे पाहा. गुरांवर गोचीडनाशक लावा. डिसेंबर ते मे या काळात अचानक जोराचा ताप आणि अंगदुखी झाली तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘मी काजूला जातो’. डेंगी-मलेरियाच्या तपासण्यांत हा विषाणू सापडत नाही. त्याची वेगळी तपासणी करायला हवी, हे डॉक्टरांना त्या एका वाक्यावरून सुचेल.

(पुढील लेखांकात : हत्तीरोग आणि वर्षातून एकदा घ्यायच्या गोळ्या)