नगराची संस्कृती आणि नागरिकांची संस्था

मिठागरे आणि भातशेती यांच्या मुलुखात मीरा-भाईंदर हे शहर वाढले. 1985 साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद स्थापन झाली व 2002 साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. हाटकेश हा याच शहरातील मीरा रोडकडचा भाग. उद्योगांचे गाळे आणि त्यांच्या शेजारी उंच इमारती, असे त्याचे रूप आहे. अशा नव्या वस्तीत ग्रंथ, नाटक, गायन यांची व्यवस्था कोणी पाहावयाची, याचा आज थोडा विचार करू.

कायद्याचे उत्तर सरळ आहे. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांकडे सोपविता येण्याजोगी अठरा कामे सांगितली आहेत. त्यांत बारावी बाब उद्यानांची, चौदावी स्मशानांची आणि मधली तेरावी संस्कृतीची! त्या आधारे पालिका वास्तू उभारू शकते. लता मंगेशकरांच्या नावाचे नाट्यगृह येथे 2022 साली खुलेही झाले. परंतु वास्तू बांधणे हे एक काम आणि तिच्यात काय व्हावे हे ठरविणे हे अगदी निराळे. दुसऱ्या कामासाठी अभिरुची लागते, आणि ती ठरावाने निर्माण होत नाही.

ती कशी निर्माण होते, हे आपल्याच जिल्ह्याच्या गावी पाहावयास मिळते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1 जून 1893 रोजी स्थापन झाले. योगायोग असा की, वरील घटनादुरुस्ती अमलात आली ती बरोबर शंभर वर्षांनी, 1 जून 1993 रोजी. 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे हे त्या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक. केवळ मराठी ग्रंथ जमविण्याचा हा संकल्प सरकारी हुकमाने झालेला नव्हता. अशा संस्थेत सभासद वर्गणी देतो, म्हणूनच वार्षिक सभेत उठून हिशेब विचारतो, आणि कार्यकारी मंडळ निवडतो. कोणते पुस्तक घ्यावे, यावर तेथे वाद होतात. तो वाद हेच खरे नगराचे सांस्कृतिक शासन होय.

आता पैशाचा प्रश्न. ग्रंथालयांचा कायदा कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच केला. मद्रास प्रांताने 1948 मध्ये त्यासाठी मिळकतीच्या करावर अधिभार बसविला. महाराष्ट्राने 1967 च्या कायद्यात असा अधिभार न ठेवता नागरिकांच्या संस्थांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. ग्रंथांची निवड लोकांच्या हाती राहिली, हा तिचा मोठा लाभ. परंतु अनुदान मागण्यापूर्वी ग्रंथालय कोणीतरी चालविलेले असावे लागते! जेथे जुन्या पिढ्यांनी संस्था घडविली, तेथे साहाय्य पोहोचते. कालपरवा वसलेली वस्ती रिकाम्या हाताने राहते. हाटकेशसारख्या वस्त्यांना ही पद्धत खरोखर जाचक आहे.

म्हणून, माझ्या मते, पालिकेने नव्या वस्तीत प्रथम जागा द्यावी. नाममात्र भाड्याने, दीर्घ मुदतीच्या कराराने दोन खोल्या मिळाल्या, तरी पन्नास कुटुंबे वर्गणी काढून आरंभ करू शकतील. शेजारी गुजराती वा हिंदी बोलत असेल, तर त्यालाही सभासदत्व असावे आणि त्याच्या भाषेचे एक कपाट असावे. पालिकेच्या अधिकाऱ्याने हिशेब तपासावयास अवश्य यावे. पुस्तकांची यादी मात्र सभासदांच्या सभेतच ठरावी.