सरस असूनही बेटामॅक्स का हरली?

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात गावोगावी व्हीसीआर भाड्याने आणून लोक रात्रभर सिनेमे बघत. कॅसेट बहुधा व्हीएचएस पद्धतीची. खरं तर तिची प्रतिस्पर्धी, सोनीची बेटामॅक्स पद्धत आधी, १९७५मध्ये आली. चित्रही थोडं सरस मानलं जाई. पण सुरुवातीच्या कॅसेटवर जेमतेम तासभर मावे. जेव्हीसीच्या व्हीएचएसवर १९७६मध्येच दोन तास! शिवाय जेव्हीसीने हे तंत्र इतर कंपन्यांना सढळ हाताने दिलं. यंत्रं वाढली, किमती उतरल्या. निकाल लावला तो कॅसेटच्या दुकानांनी. ज्याची यंत्रं घरोघरी, त्याच्याच कॅसेट फळीवर. आणि फळी बघूनच पुढचं गिऱ्हाईक यंत्र घेणार. तिथे दर्जाला कोण विचारतो? १९८८मध्ये खुद्द सोनीनेच व्हीएचएस यंत्रं बनवायला घेतली.