पदवीची तीन वर्षे आणि खांद्यावरचे दोन तारे

सैन्यात अधिकारी होण्याचा रस्ता महाविद्यालयातून जातो. मराठवाड्यातल्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावातल्या विद्यार्थ्याने तो कधी आणि कसा धरायचा?

वर्षातून काही वेळा वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर चार ओळींची एक सरकारी बातमी येते. सैन्यदलांत अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातल्या युवक-युवतींसाठी नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात 'एसएसबी'च्या, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीच्या, तयारीचा वर्ग सुरू होत आहे. निवास, भोजन आणि प्रशिक्षण मोफत. इच्छुकांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुलाखतीला हजर राहावे. साधारण दहा दिवसांचा हा वर्ग राज्य सरकार चालवते. बातमी तीर्थपुरीतही वाचली जाते, पण ती आपल्यासाठी आहे असे फार थोड्यांना वाटते.

त्या बातमीत पात्रतेची एक अट असते. संरक्षण सेवेची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी, किंवा एनसीसीचे (राष्ट्रीय छात्रसेनेचे) 'सी' प्रमाणपत्र 'ए' अथवा 'बी' श्रेणीत मिळवून ग्रुप मुख्यालयाची शिफारस असावी. बातमी वाचून त्या दिवशी ही अट पुरी करता येत नाही. तिच्यामागे दोन-तीन वर्षांची तयारी लागते. घनसावंगी तालुक्यातली पोरे पळण्यात मागे नाहीत. ती मागे पडतात या तयारीच्या माहितीत.

शिपायाची भरती, अधिकाऱ्याची निवड

सैन्यात जायचे म्हणजे भरतीला जायचे आणि भरतीला जायचे म्हणजे पहाटे उठून पळायचे, हे मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. २०२२ पासून ही भरती अग्निपथ योजनेतून होते. चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद, असे तिचे स्वरूप आहे. मार्ग सन्मानाचा आहे, पण एकमेव नाही.

अधिकाऱ्याची निवड वेगळ्या वाटांनी होते. बारावीनंतरची पहिली वाट खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची. तिची लेखी परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. प्रबोधिनीच्या भूदल शाखेला कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. पदवीधरांसाठी दुसरी वाट सीडीएस, म्हणजे संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेची. तिच्यातून डेहराडूनची भारतीय सैनिकी अकादमी, नौदल आणि हवाई दलाच्या अकादमी, आणि चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी यांच्यासाठी उमेदवार निवडले जातात. चेन्नईच्या अकादमीला कोणत्याही शाखेची पदवी पुरते आणि तिच्यासाठीच्या लेखी परीक्षेत गणिताचा पेपर नसतो. बी. ए. करणाऱ्या मुलामुलींनी हे वाक्य दोनदा वाचावे. हवाई दलाची 'ॲफकॅट' ही स्वतंत्र परीक्षा आहे, आणि अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी तांत्रिक प्रवेशही आहेत.

अकादमीतल्या प्रशिक्षणाच्या काळातच महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. भूदलात प्रशिक्षण संपले की खांद्यावर दोन तारे चढतात आणि उमेदवार लेफ्टनंट होतो.

एनसीसी: लेखी परीक्षेशिवायची वाट

महाविद्यालयीन विद्यार्थ्याला सर्वांत जवळची वाट एनसीसीची आहे. विद्यापीठांतल्या तरुणांना लष्करी शिक्षण देण्याची सुरुवात आपल्याकडे पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये झाली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली. १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. वडीलधाऱ्यांपैकी अनेकांना परेड म्हणजे उन्हातली शिक्षा वाटते, त्याचे मूळ त्या सक्तीत असावे.

अमेरिकेत १९१६ पासून 'आरओटीसी' नावाची व्यवस्था आहे. तिथे ठरावीक प्रशिक्षण पुरे करणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीबरोबरच सेकंड लेफ्टनंटचे पद मिळू शकते. पुढे अमेरिकेच्या सेनादलांचे प्रमुख आणि परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेल १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून असेच सैन्यात आले. आपली एनसीसी तशी नाही. कॅडेटवर सैन्यात जाण्याचे बंधन नसते आणि त्याला आपोआप पदही मिळत नाही. मिळते ती एक मोठी सवलत. 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असतील, तर भूदलाच्या 'एनसीसी विशेष प्रवेशा'साठी अर्ज करता येतो. या प्रवेशाला लेखी परीक्षा नाही; अर्ज छाननीत टिकला की उमेदवार थेट एसएसबीच्या दारात. वयोमर्यादा १९ ते २५ वर्षे. मुलींसाठीही जागा आहेत.

'सी' प्रमाणपत्र मिळवायला मात्र वेळ द्यावा लागतो. आधी 'बी', मग तिसऱ्या वर्षी 'सी'. परेडला ठरावीक हजेरी आणि शिबिरे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाग आलेल्याला हा हिशेब पदवीच्या काळात बसवता येत नाही. प्रत्येक महाविद्यालयात एनसीसीचे युनिटही नसते. म्हणून प्रवेश घेतानाच विचारावे: इथे एनसीसी आहे का, जागा किती, निवड कधी? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एनसीसी हा श्रेयांक देणारा ऐच्छिक विषय म्हणून शिकवण्याची सूचना विद्यापीठांना केली. त्यामुळे परेडसाठी दिलेला वेळ अभ्यासातून वजा होतो, ही जुनी तक्रारही आता तितकीशी खरी नाही.

पाच दिवसांत काय पाहतात?

वाट कोणतीही असो, शेवटी गाठ पडते ती एसएसबीशी, म्हणजे सेवा निवड मंडळाशी. प्रयागराज, भोपाळ, बंगळूरु अशा केंद्रांवर ही निवड पाच दिवस चालते. पहिल्याच दिवशी बुद्धिमत्ता चाचणी आणि चित्र पाहून गोष्ट लिहिण्या-सांगण्याची चाचणी होते. तिच्यातून बरेच उमेदवार घरी परततात.

राहिलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. पडद्यावर एकामागून एक ६० शब्द येतात. प्रत्येकाला १५ सेकंद, तेवढ्यात वाक्य लिहायचे. मग ३० मिनिटांत ६० प्रसंग आणि त्या प्रसंगांत आपण काय कराल याची उत्तरे. विचार करून सजवलेले उत्तर द्यायला वेळच नसतो, म्हणून माणूस आहे तसा कागदावर उतरतो.

मैदानावरची सामूहिक कामे त्याहून वेगळी. फळी, बल्ली आणि दोर देतात आणि जमिनीला पाय न लावता सगळ्या गटाने सामानासह पलीकडे जायचे असते. नेता कोणीही नेमलेला नसतो. ऊसतोडीच्या टोळीत चिखलात ट्रॅक्टर रुतला की आरडाओरडा सगळेच करतात, पण पाचटाचा भारा चाकाखाली कुठे टाकायचा हे एकाला सुचते आणि बाकीचे त्याचे ऐकतात. परीक्षक शोधतात तो हा माणूस. मोठ्याने बोलणारा नव्हे, ज्याच्या सांगण्याने काम पुढे सरकते तो. असे एकूण १५ गुण हे मंडळ तपासते: जबाबदारीची जाणीव, पुढाकार, सहकार्य, धैर्य, चटकन निर्णय घेणे इत्यादी.

हे गुण कुठल्याही क्लासमध्ये महिनाभरात भरता येत नाहीत. तीन वर्षे शिबिरात तंबू ठोकणाऱ्या, गटाला वेळेवर उठवणाऱ्या, स्नेहसंमेलनाचा हिशेब सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या अंगी ते आपसूक मुरतात. मुलाखतीत अधिकारी हेच विचारतात: आतापर्यंत काय केलेस, कोणाबरोबर केलेस, फसले तेव्हा काय केलेस? शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाकडे याची उत्तरे भरपूर असतात. फक्त ती सांगण्याची सवय नसते.

अडतो तो इंग्रजीपाशी. मराठी माध्यमातल्या उमेदवाराला लेखी परीक्षेत इंग्रजीचा पेपर द्यावा लागतोच, आणि गटचर्चेतही ती कामी येते. त्याला उपाय एकच: पहिल्या वर्षापासून रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचणे आणि मित्रांसमोर रोज पाच मिनिटे बोलणे.

मराठवाड्याचे स्वतःचे दार

एनडीए महाराष्ट्राच्या भूमीवर, पण तिथे मराठी मुले कमी, ही खंत जुनी आहे. त्यातून राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था सुरू केली. दहावीनंतर निवड झालेली मुले तिथे अकरावी-बारावी करतात आणि एनडीएची तयारी करतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. तिला कारण होते: सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने एनडीएचे दार मुलींना उघडले, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. मराठवाड्याचा माणूस किती वर जाऊ शकतो, याचे उत्तरही समोर आहे. २०२१ ते २०२४ या काळात हवाई दलाचे प्रमुख असलेले विवेक राम चौधरी मूळचे नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे.

पैशांचे काय?

हा खर्चाचा मार्ग नाही. लोकसेवा आयोगाच्या या परीक्षांचे शुल्क अगदी थोडे आहे आणि मुलींना ते माफ आहे. एसएसबीत राहणे-जेवणे सरकारी असते. एखाद्या प्रवेश प्रकारात पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रवासभाडेही मिळते. नाशिक रोडचा वर्ग मोफत आहे. त्यामुळे शेत गहाण टाकून महागड्या क्लासला जाण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढावी.

तीर्थपुरीच्या प्राध्यापकांना आणि पालकांना एवढीच विनंती: जून-जुलैत प्रवेश सुरू होतील तेव्हा या वाटा मुलांसमोर मांडा. दहावीच्या मुलामुलींना संभाजीनगर आणि नाशिकच्या संस्थांची प्रवेश परीक्षा सांगा, अकरावीतल्यांना एनडीए सांगा, प्रथम वर्षाला येणाऱ्यांना एनसीसीत नाव घालायला लावा, आणि शेवटच्या वर्षातल्यांकडून सीडीएसचा अर्ज भरून घ्या. निवड सगळ्यांची होणार नाही. पण ही तयारी पोलिस भरतीला, स्पर्धा परीक्षेला आणि शेतीच्या कारभारालाही उपयोगी पडते. ती वाया जात नाही.