यंदा बोनस किती?

नगर-मनमाड रस्त्याने राहुरी सोडून उत्तरेकडे निघालात, म्हणजे थोड्याच वेळात एस.टी.चा कंडक्टर हाक देतो, "फॅक्टरीऽ, फॅक्टरीवाले उतरून घ्या!" नवखा माणूस खिडकीतून कारखाना शोधू लागतो. पण 'फॅक्टरी' हे येथे गावाचेच नाव आहे. राहुरी फॅक्टरी ही वस्ती देवळाली प्रवरा नगरपरिषदेच्या हद्दीत येते. उसाचा कारखाना आला, त्याच्या आसऱ्याने चाळी, दुकाने, शाळा, दवाखाने आले आणि गावाला वेगळे नाव शोधण्याची कुणाला गरजच भासली नाही. माझी थोरली बहीण ह्याच देवळालीत दिलेली. त्यामुळे गेली कित्येक वर्षे भाऊबीजेला माझी वारी तिकडे ठरलेली असते.

अशा गावात दसरा झाला की एकच प्रश्न तोंडोतोंडी होतो : "यंदा बोनस किती?" कामगाराने तो विचारावा हे समजण्यासारखे आहे. पण किराणा दुकानदार विचारतो, शिंपी विचारतो, दूधवाला विचारतो. पोरांचे कपडे शिवायला टाकावे की नाही, वाण्याची उधारी फिटणार की नाही, फटाके हजाराचे की दोनशेचे, हे सारे त्या एका टक्केवारीवर अवलंबून! नोटीस बोर्डावर कागद लागायचा अवकाश, तो आकडा भोंग्याआधी गावभर झालेला असे.

वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल, की सहकारी साखर कारखानदारीचा पाळणा ह्याच प्रवरेच्या काठी हलला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नाने लोणीजवळ 1950 साली पहिले गाळप झाले. त्यामागून जिल्ह्यात कारखान्यांची रांगच लागली. राहुरीचा डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे सहकारी साखर कारखाना त्यांतलाच एक. पुढे ह्या कारखान्याचे दिवस पालटले. थकलेल्या कर्जापोटी जिल्हा सहकारी बँकेने तो ताब्यात घेतला, चिमणी थंड राहिली असे हंगाम आले आणि थकलेल्या पगारासाठी कामगारांना आंदोलने करावी लागली. वर्तमानपत्रांतून हे सारे वेळोवेळी छापून आलेले आहे. ज्या गावाचे नावच फॅक्टरी, त्या गावाला असे हंगाम कसे गेले असतील ह्याची कल्पना मुंबई-पुण्याच्या वाचकांनी करून पाहावी.

आता ह्या बोनसची जन्मकथा. मोबाइलवरून दर दिवाळीला एक गोष्ट फिरत असते. पूर्वी म्हणे पगार आठवड्याला मिळे. चार आठवड्यांचा महिना धरला तर वर्षाचे बावन्न आठवडे म्हणजे तेरा पगार. इंग्रजाने महिन्याचा पगार सुरू करून तेरावा पगार गिळला, तोच कामगारांनी भांडून बोनस म्हणून परत मिळवला. गोष्ट ऐकायला गोड आहे आणि हिशेबही जुळतो. खरा इतिहास मात्र इतका सरळ नाही. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, गिरण्यांना अलोट नफा झाला, तेव्हा 1917 पासून मुंबईच्या मालकांनी पगारावर युद्धभत्ता म्हणून काही टक्के वाढवून दिले. युद्धानंतर काही वर्षे साधारण महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळाला. 1923 साली 'यंदा बोनस नाही' अशी नोटीस लागली आणि 1924 च्या जानेवारीत दीड लाखावर गिरणी कामगारांनी काम थांबवले. सरकारने मुंबई हायकोर्टाचे सरन्यायाधीश सर नॉर्मन मॅकलाउड ह्यांची समिती नेमली. समितीने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा कसलाही हक्क पोचत नाही. मालकाने खुशीने दिला तर घ्यावा!

ही 'खुशी' हक्कात यायला पुढे चाळीस वर्षे लागली. 1950 साली मुंबईच्या गिरण्यांच्या वादात अपिलीय लवादाने एक सूत्र घालून दिले : नफ्यातून घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, भांडवलावर सहा टक्के परतावा वगैरे वजा करावेत आणि उरेल त्यात कामगारांचा वाटा धरावा. त्याच वर्षी गिरणी कामगारांनी बोनससाठी सुमारे दोन महिन्यांचा संप केला आणि तो फसलाही. शेवटी मेहेर आयोगाच्या शिफारशींनंतर 1965 साली बोनसचा कायदा झाला. कमीत कमी 4 टक्के, जास्तीत जास्त 20. तोटा झाला तरी किमान बोनस द्यावयाचाच, ही त्यातली मोठी गोष्ट. 1972 मध्ये किमान आकडा 8.33 झाला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, अर्थात एक महिन्याचा पगार. आणीबाणीत 1975 च्या सप्टेंबरात वटहुकूम काढून त्याला कात्री लावली, 1977 साली तो पुन्हा जाग्यावर आला. 1965 चा कायदा आता 2019 च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे, पण 8.33 आणि 20 हे दोन आकडे तिथेही तसेच आहेत.

हे दोन आकडे आमच्या ताईला तोंडपाठ आहेत. शाळा सातवीपर्यंत झालेली. पण टक्केवारीत तिचा हात कुणी धरणार नाही. दाजी जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात टाइम ऑफिसात होते. मस्टर लिहिणे, हजेरी धरणे, पगारपत्रक करणे हे त्यांचे काम. कारखान्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. सुरुवातीच्या काळात तिथे वीस टक्के बोनस मिळाला, तेव्हा ताईने शिलाई मशीन घेतले. पुढे साडेबारा झाला. मग 8.33. मग 'सानुग्रह अनुदान' नावाची ठोक रक्कम आली. मग ती रक्कम दोन हप्त्यांत मिळू लागली, आणि एका वर्षी त्यांतला दुसरा हप्ता आलाच नाही.

"त्या वर्षी काय गंमत झाली माहीत आहे?" ताई सांगत होती. "सवलतीची साखर तेवढी वेळेवर मिळाली. घरात पंचवीस किलो साखर, आणि बेसन-तूप आणायला पैसे नाहीत! पोरांना शंकरपाळ्यांवर समजावलं. धाकटा म्हणाला, आई, लाडू विसरलीस. मी म्हटलं, हो रे, विसरलेच."

कारखान्यात कायम कामगारांचे जे होते, त्याहून हंगामी कामगारांचे अवघड. हंगाम संपला की तो घरी. बिगरहंगामात 'रिटेन्शन' म्हणून पगाराचा काही भाग मिळावयाचा, पण तोही कारखाना चालला तर. ले-ऑफची भरपाई म्हणून निम्मा पगार देण्याची तरतूद औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली आली खरी, परंतु हंगामी स्वरूपाचे कारखाने त्यातून वगळलेले होते. उसाच्या टंचाईने गाळप लवकर आटोपले, तर हंगामी कामगाराच्या हाती काय? दाजी म्हणत, "नोकरी गेली असं त्याला कुणी सांगत नाही. पुढच्या दसऱ्याला बोलावणं येत नाही, एवढंच."

हे सारे जुने झाले, असे मी समजत होतो. ताईचा धाकटा इंजिनियर होऊन पुण्याला हिंजवडीत एका बड्या कंपनीत लागला, तेव्हा घराने सुटकेचा निःश्वास टाकला होता. ऊस नाही, दुष्काळ नाही, बँकेची जप्ती नाही. काचेची इमारत, गळ्यात पट्टा, महिनाअखेरीस पगार. पण 2025 च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले आणि त्या धंद्यातल्या प्रत्येक घरात चलबिचल झाली. भाचा त्या कंपनीत नाही. पण एका घरी चोर शिरला की आळीभर कड्या तपासतात, तशातलाच प्रकार.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला तो घरी आला होता. ताईने ओवाळता ओवाळता सवयीने विचारले, "काय रे, यंदा बोनस किती?"

"आई, आमच्याकडे बोनस नसतो. व्हेरिएबल असतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पगारातलाच एक भाग बाजूला ठेवतात आणि कंपनीचं नि आपलं काम पाहून देतात."

"आपलाच पगार आपल्याला बक्षीस म्हणून द्यायचा?" दाजींनी वर्तमानपत्राआडून विचारले. "आमच्या चेअरमनला हे सुचलं नाही बघा."

आम्ही हसलो. पण विनोद बाजूला ठेवला तर गोष्ट गंभीर आहे. 2015 च्या दुरुस्तीने बोनस कायद्याची मर्यादा महिना 21 हजार पगाराची ठरली आणि बोनस मोजावयाचा तो 7 हजारांवर किंवा किमान वेतनावर, जे अधिक असेल त्यावर. भाच्यासारखा त्याहून जास्त पगार घेणारा माणूस कायद्याच्या बोनसला पात्रच नाही. त्याला जे मिळते ते नेमणुकीच्या पत्रातल्या शब्दांवर. समजा पत्रावर वर्षाचे दहा लाख आहेत आणि त्यातले एक लाख व्हेरिएबल. कंपनीने चाळीस टक्केच दिले, तर साठ हजार गेले आणि पगार कमी झाला असे म्हणण्याची सोयही नाही! गिरणी कामगाराला 1924 साली सांगितले गेले की ही मालकाची खुशी आहे. शंभर वर्षांनी इंजिनियरला तेच सांगितले जाते, फक्त गोड भाषेत आणि पडद्यावर आलेख काढून.

भाच्याला त्या तिमाहीत निम्म्याहून कमी मिळाले होते. ही गोष्ट त्याने आईला सांगितली नव्हती. वाकडला घेतलेल्या फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो, हे मात्र घरात सर्वांना माहीत होते. ताई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "फोन आला की हा गच्चीवर जातो. ह्याचे वडीलही अस्सेच मागल्या अंगणात जायचे, युनियनचा माणूस आला की. मला काय कळत नाही?"

रात्री जेवणे झाल्यावर बापलेकांत बोलणे निघाले. बोनस कमी मिळाल्याचा संताप कसा पसरतो हे दाजींनी जवळून पाहिलेले. ते मुंबईच्या 1981 च्या दिवाळीचे उदाहरण देतात. राष्ट्रीय मिल मजदूर संघाने त्या वर्षी 8.33 ते 17.33 टक्के बोनसचा करार केला. कामगारांना तो कमी वाटला, काही गिरण्यांतून काम बंद पडले, लोक डॉ. दत्ता सामंतांच्या दारी गेले आणि 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप सुरू झाला. रीतसर मिटला असा तो कधीच मिटला नाही. लाखाहून अधिक माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतले कितीतरी घाटावरचे आणि कोकणातले, गावी परतलेले.

"मग काय, गप्प बसायचं का आप्पा?" भाचा थोडा चिडूनच म्हणाला.

"मी कुठं म्हणतोय गप्प बस? डोळे उघडे ठेव म्हणतो. बोनस कमी झाला, ह्यानं घाबरू नको. घाबरायच्या जागा वेगळ्या असतात." आणि मस्टर लिहिलेल्या माणसाने बोटांवर मोजायला सुरुवात केली. पगाराची तारीख एकदा जरी सरकली, तर लक्षात ठेवायची. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे पगारातून कापले जातात, पण पुढे भरले जातात का, हे पासबुकात दर महिन्याला पाहायचे. त्यांच्या कारखान्यात आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग स्टोअरमधली खरेदी, मग कँटीनचा दर्जा. पगार थकला तो त्यानंतर. "आणि कुणी राजीनाम्याचा कागद पुढं केला तर तिथल्या तिथं सही करायची नाही. घरी विचारतो म्हणायचं. स्वखुशीनं सोडली असं एकदा लिहून गेलं की पुढं काही मागता येत नाही."

"आमच्याकडे घरी विचारतो म्हणणाऱ्याला हसतात, आप्पा."

"हसू दे."

मला त्या क्षणी ह्या म्हाताऱ्याचे फार कौतुक वाटले. पाच वर्षे सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी लागते, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे, हे त्याला ठाऊक. भाच्याला पाच वर्षे पुरी व्हायला सात महिने कमी होते आणि हा हिशेब त्याने स्वतः कधी केलेला नव्हता. लाखांच्या पगाराचे तरुण आपले नेमणुकीचे पत्र पुरते वाचत नाहीत. आमच्या पिढीतला हंगामी फिटरसुद्धा आपली तिकीट नंबरची चिठ्ठी डब्यात जपून ठेवी.

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो. पौषात भाच्याचे चालू काम संपले आणि तो 'बेंच'वर आला. म्हणजे पगार चालू, काम नाही, आणि रोज सकाळी आज बोलावणे येते की काय ही धास्ती. एकदा ते आले. राजीनामा द्या, महिन्याचा जादा पगार देतो, असा प्रस्ताव होता. त्याने "घरी विचारतो" म्हटले. कोणी हसले की नाही ते सांगितले नाही. ग्रॅच्युइटीचा दिवस उलटेपर्यंत त्याने तग धरला आणि मग पुण्यातच एका लहान कंपनीत जागा धरली. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. फ्लॅटचा हप्ता आता सूनबाई अर्धा भरते.

नवी नोकरी लागल्याचे सांगायला त्याने देवळालीला फोन केला, तेव्हा मी योगायोगाने तिथेच होतो. दाजी झोपले होते. ताईने सगळे ऐकून घेतले, कंपनीचे नाव दोनदा विचारले, आणि मग म्हणाली, "ते जाऊ दे. पगार कितव्या तारखेला होतो?"