अडल्या बाईची वेळ कोण पाळणार?

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या वस्त्यांमधील आजीबाया सांगत आल्या. हा दुसरा जन्म पुष्कळदा घड्याळावर ठरतो. सिझर करावे की करू नये, यावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. परंतु सिझर केव्हा करावे, हे कोणी बोलत नाही. आणि वेळ चुकली की किंमत मोजते ती गरिबाची लेक.

कळा सुरू झाल्यावर गर्भाशयाचे तोंड हळूहळू दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते. मग बाई जोर करते आणि बाळ खाली सरकते. तोंड पूर्ण उघडण्याआधी सिझर झाले, तर बाळाचे डोके बहुधा सहज बाहेर काढता येते. परंतु तासन्‌तास जोर करूनही बाळ अडून राहिले, की डोके कंबरेच्या हाडांत रुतून बसते आणि पिशवीचा खालचा भाग ताणून पातळ होतो. अशा वेळी घेतलेली चीर आणखी फाटण्याचा, जास्त रक्त जाण्याचा, मूत्राशयाला इजा होण्याचा धोका वाढतो. रुतलेले डोके सोडवताना बाळालाही इजा होऊ शकते. पुढच्या खेपेला अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याची भीती राहते ती वेगळीच. याहूनही उशीर झाला तर पिशवी फाटते, बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. काहींच्या मूत्राशयाला छिद्र पडते. सतत लघवी गळणाऱ्या त्या बाईला घरचेही दूर सारतात.

म्हणून काय घाईने पोट कापायचे? तेही नाही. कळा नसताना, 39 आठवडे भरण्याआधी, कारणाशिवाय केलेल्या सिझरमध्ये बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. पोटावरचा प्रत्येक व्रण पुढच्या गरोदरपणात वार चुकीच्या जागी चिकटण्याचा धोका वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली स्पष्ट केले, की तासाला एक सेंटिमीटर हा नियम प्रत्येक बाईला लावता येत नाही. माय-लेकरू ठीक असताना केवळ गती मंद आहे म्हणून शस्त्रक्रिया करू नये. म्हणजे घाईही नको, दिरंगाईही नको. त्यासाठी हवे ते सततचे लक्ष: बाळाचे ठोके, कळांचा जोर, बाईचा रक्तदाब आणि या सर्वांची कागदावर वेळेवर नोंद.

आता आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये खासगी रुग्णालयांतील 47.4 टक्के प्रसूती सिझरने झाल्या, तर सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के. बाईचे शरीर तर दोन्हीकडे सारखेच! मग एवढी तफावत का? ज्याच्या खिशात पैसा, त्याच्यासाठी कात्री तयार. आणि गावखेड्यातली बाई मात्र भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, 'पुढे न्या' एवढे ऐकून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरते. तिच्या कळा थांबत नाहीत. बाळही रस्त्याची वाट पाहत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली होती. बाळंतपण हा घरातल्या बायकांचा खासगी मामला नसून राज्याची जबाबदारी आहे, हा त्यातला बोध. तो आज आपण विसरणार काय?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे 2011 पासून सरकारी रुग्णालयात सिझर, औषधे, रक्त, जेवण आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेण्याचे वाहन मोफत आहे. प्रसूतीच्या वेळी सोबत एक बाई ठेवण्यास केंद्र सरकारने 2016 साली मान्यता दिली. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. आपल्या महिला मंडळांनी सातव्या-आठव्या महिन्यातच चौकशी करावी: जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही सिझर होते? तिथे भूलतज्ज्ञ आणि रक्त आहे का? नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी निवेदन द्यावे, उत्तर मागावे.

जयंतीच्या मिरवणुकीला आपण हजारोंनी जमतो. वस्तीतली एक लेक अडलेली असताना रुग्णालयाच्या दारात दहा जण तरी उभे राहू या. बाबासाहेबांच्या लेकीची वेळ पाळायला शासनाला भाग पाडणे, हीही चळवळच आहे.